मनू, माग काढणाऱ्या ट्रॅकरचं नाव विचारलंस का?

मनू,

तुझा मेल परवा रात्री वाचला आणि बाबांना अजून सांगितलेला नाही. त्यांचं बीपी आत्ता कुठे ताळ्यावर आलंय, आणि त्यांच्या डोक्यात तू जोहान्सबर्गला ऑफिस ते घर, घर ते ऑफिस करणारी पोरगी आहेस, झिंबाब्वेत जाऊन रानरेडा मारायला निघालेली नाहीस. मलाही आधी वाटलं दुसऱ्याच कोणाचा मेल चुकून आला की काय. मग त्या शिकारवाल्या कंपनीची पीडीएफ उघडली, सात पानं, चष्मा लावून पेन घेऊन वाचली, सवय जात नाही, एकतीस वर्षं विम्याचे क्लेम बघितलेत मी, लोक पॉलिसीचं पहिलं पान वाचून सही करतात आणि भांडण कायम शेवटच्या पानावरून होतं.

आधीच सांगते, जाऊ नकोस असं मी म्हणणार नाहीये. तेहतीस वर्षांची आहेस, पैसे तुझे आहेत. पण मला आवडलंय का, तर नाही. इथे येऊरच्या बाजूने रात्री कुत्री भुंकायला लागली की सोसायटीच्या ग्रुपवर बिबट्या आला बिबट्या आला सुरू होतं, आणि २०१९ ला तो खरंच कोरम मॉलमध्ये शिरला होता तेव्हा तू दिवसभर टीव्हीसमोरून उठली नव्हतीस, बेशुद्ध करून नीट पकडला म्हटल्यावर तूच देवाला साखर ठेवलीस. तीच तू. असो.

आता पीडीएफ. दहा दिवस, सप्टेंबर, झांबेझीच्या खोऱ्यात चेवोरे सफारी एरिया. मी नकाशात बघितलं, माना पूल्स नॅशनल पार्क त्याच पट्ट्यात आहे, आणि गंमत म्हणजे माना पूल्स, सापी आणि चेवोरे तिन्ही मिळून १९८४ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, पण पार्कात नुसतं बघायचं आणि चेवोरेत परमिट घेऊन मारायचं. रेडा कुठे नकाशा वाचतो? म्हणून तुमचा प्रोफेशनल हंटर, म्हणजे तुम्हाला घेऊन जाणारा लायसनवाला शिकारी, हद्द कशी सांभाळतो ते विचार. ह्वांगेचा तो सेसिल सिंह आठवतोय ना, २०१५ चा, पार्कच्या बाहेर बाण लागला आणि कित्येक तास जखमी फिरून मग मेला, त्याला मारणाऱ्या त्या अमेरिकन डेंटिस्टला पुढे किती दिवस तोंड लपवत फिरावं लागलं.

खर्चाचं म्हणशील तर आपल्या लग्नाच्या हॉलवाल्यांसारखंच आहे, हॉल स्वस्त आणि खुर्च्या महाग. दिवसाचा दर वेगळा, ट्रॉफी फी म्हणजे मारलेल्या जनावराचे पैसे वेगळे, हरारेहून पुढचं छोटं विमान वेगळं, रायफलचं भाडं, गोळ्या, टिपा, सगळं वेगळं. तुझ्या त्या मैत्रिणीला नुसतं सोबत यायचंय तर तिचेही रोजचे पैसे, ऑब्झर्व्हर म्हणे. हे सगळं चालतं. पण पाचव्या पानावर खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे ती तू वाचली नसशील म्हणून लिहिते, जनावराचं रक्त सांडलं की ते मारलं असं धरणार आणि ट्रॉफी फी पूर्ण घेणार. म्हणजे जखमी होऊन झाडीत गेलं, सापडलंच नाही, तरी पैसे गेले आणि तुझा रेडा संपला, दुसऱ्यावर बार टाकायचा नाही. तू म्हणशील लूट आहे. मला विचारशील तर सात पानांत तेवढी एकच ओळ जनावराच्या बाजूने आहे.

फक्त जखमी झालेल्याच्या मागे झाडीत कोण जाणार, ते त्या ओळीत नाही. कुठेच नाही.

आबांचं तुला काय माहिती, मुरबाडच्या घरातली सांबराची शिंगं आणि त्यांचा तो खोकला, एवढंच. मी सात-आठ वर्षांची असेन, म्हणजे ६८-६९ साल, तेव्हा शिकार सर्रास चालायची, कायदा आला १९७२ ला. संध्याकाळी हाक्याला, म्हणजे ओरडून रान उठवताना, रानडुक्कर निघालं, आबांनी बार टाकला, तो पोटात बसला आणि डुक्कर करवंदीच्या जाळीत घुसलं. अंधार पडला म्हणून सगळे परत आले. आबा रात्रभर ओसरीवर विड्या ओढत बसलेले, जेवले नाहीत. पहाटे गेले, पुढे भिवा, आमचा कातकरी वाटाड्या, हातात नुसता कोयता, आणि बंदूक मागे आबांच्या हातात. भिवा खाली वाकून पानावरचं रक्त बोटांनी चोळून बघायचा, छातीत लागलं असेल तर रक्त गुलाबी आणि फेसाळ येतं, पोटात लागलं असेल तर काळपट आणि त्याला चाऱ्याचा वास, हे मला त्यानेच नंतर सांगितलं, बाजेवर पडून. कारण जाळीतून डुक्कर आलं ते सरळ त्याच्यावर. गुडघ्यापासून वर मांडी उघडी पडली होती. आईने तिचं नऊवारी फाडून बांधलं, ते लालच होतं, त्यामुळे रक्त किती आणि कापड किती ते कोणालाच कळेना. कल्याणला नेला, जगला, पण पुढे कायम पाय ओढत चालला. लोकांना वाटतं आबांनी बंदूक कायद्यामुळे टाकली. त्यांनी ती त्याच महिन्यात टाकली होती, आणि दर दिवाळीला दोन मण तांदूळ भिवाच्या झोपडीत जायचा, का ते घरात कोणी विचारायचं नाही.

आणि ते डुक्कर होतं मनू. तुझा रेडा सहाशे-सातशे किलोचा. २०२० ला कोथरूडला गवा शिरला होता ना, माणसं मागे लागल्याने शेवटी मेला बिचारा, तर हा त्या गव्यासारखा बुजून पळत सुटेल असं धरून चालू नकोस. जखमी झाला की वळसा घालून स्वतःच्याच मागाच्या कडेला दबा धरून उभा राहतो असं तिकडचे जुने शिकारी सांगतात, आणि तुमच्या लिस्टमधले ते कळपातून बाजूला पडलेले म्हातारे रेडे, डागा बॉइज, अंगावर चिखलाचा थर आणि कपाळावर शिंगांचं हेल्मेट, ते तर जास्तच खवट. समोरून कपाळावर गोळी मारायच्या फंदात पडू नकोस. बाजूने उभा असेल तेव्हाच, पुढच्या पायाच्या रेषेत वर जायचं आणि छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शावर थांबायचं. पाय दिसत नसेल, मागे दुसरा रेडा उभा असेल, गवत मध्ये येत असेल तर बोट ट्रिगरवरून काढायचं आणि कॅम्पवर येऊन चहा प्यायचा. दहा दिवसांचे पैसे भरलेत म्हणून दहाव्या दिवशी घाईत मारायचं नाही, रिकाम्या हाताने आलीस तर ट्रॉफी फी तरी वाचेल, मीच तुला पार्टी देईन.

रायफल. रेड्यासाठी थ्री सेव्हंटी फाइव्ह बोअरच्या खाली जाऊ नकोस. तिची नेहमीची गोळी तीनशे ग्रेनची, मी हिशोब केला, साडेएकोणीस ग्रॅम होतात, म्हणजे जवळजवळ दोन तोळे. तुझ्या लग्नात घातलेल्या एका पाटलीएवढं वजन सेकंदाला साडेसातशे मीटरने जाणार आणि तेवढाच धक्का तुझ्या त्या काटकुळ्या खांद्याला बसणार. तर आत्तापासून सप्टेंबरपर्यंत दर शनिवारी रेंजवर जा. टेबलावर रायफल टेकवून मारू नकोस, तसा रेडा टेबल घेऊन येत नाही. तीन काठ्यांचा तो स्टँड घे, उभी राहून मार, पन्नास मीटर, फार तर ऐंशी, आणि पहिली गोळी गेली की रायफल खांद्यावरून न उतरवता बोल्ट मागेपुढे करून दुसरी, हे झोपेत जमलं पाहिजे. दुर्बीण डोळ्याला चिकटवलीस तर भुवई फाटेल, आठवीत सायकलवरून पडून फाटली होती तीच.

प्रोफेशनल हंटरबद्दल मला काळजी नाही, झिंबाब्वेचं लायसन फार कडक असतं म्हणतात, लेखी पेपर, मग हाताखाली उमेदवारी, नेमबाजी आणि शेवटी जंगलात प्रत्यक्ष परीक्षा. पण त्याच्याशी एक गोष्ट आधीच बोलून घे, तुझ्या गोळीनंतर तो स्वतःहून मारणार की तू सांगितल्यावर. काही लोकांना म्हणे अपमान वाटतो त्याने मारलं की. तू सरळ सांग, जनावर उभं दिसलं तर मार बाबा, मला फोटोत कोणाची गोळी आहे ते लिहायचं नाहीये.

बाकी भराभर. गोखले रोडवरून घेतलेली ती मिलिट्री प्रिंटची कार्गो इथेच कपाटात आहे ती मागवू नकोस, तिथे साध्या माणसाने तसले कपडे घालणं गुन्हा आहे. निळं आणि काळंही नको, त्सेत्से माश्या त्याच रंगांवर येतात, खाकी किंवा मातकट हिरवं घे. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून, आणि डॉक्सी दिली तर परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची, तू मध्येच सोडतेस. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये शिकार वगळलेली आहे का ते बघ, वगळलेली असतेच बहुतेक, मग हेलिकॉप्टरने उचलून नेण्याचं कव्हर वेगळं घे आणि पॉलिसी मला पाठव, मी वाचते. आणि रेड्याचं मुंडकं ठाण्याला आणायचा विचार असेल तर आत्ताच सोड, कायद्याच्या भानगडी राहू देत, आपल्या हॉलमध्ये टीव्ही लावल्यावर भिंत उरते कुठे.

तू लिहिलंयस की या पैशातून गावांना मिळतं, कॅम्पफायर नावाची त्यांची योजना १९८९ पासून आहे, मांसही गावातच वाटतात. मी वाचलं ते. केनियाने १९७७ ला शिकार बंद केली, बोट्सवानाने २०१४ ला बंद करून २०१९ ला परत उघडली, म्हणजे तिथल्या लोकांचंही एकमत नाही, मी ठाण्यात बसून काय निकाल देणार. हत्तीने शेत तुडवलेल्या माणसाला प्रेमाचे धडे द्यायला मला लाज वाटते. पण तुझी एजंट बाई सांगते तेवढ्यावर खूश होऊ नकोस, चेवोरे ही सरकारी जमीन आहे, तिथल्या पैशातलं गावात नक्की किती आणि कोणाच्या हातात जातं हे लेखी माग. उत्तर गोलमोल आलं तर तुझं तूच समज.

आणि मुख्य ते ट्रॅकरचं. पीडीएफमध्ये प्रोफेशनल हंटरचा फोटो आहे, कुकचा आहे, तंबूतल्या बाथरूमचे तर चार आहेत. ट्रॅकर म्हणून फक्त 'अनुभवी ट्रॅकर्स' एवढंच. तोच राखेची पुरचुंडी झटकून वारा बघणार, आबांचा भिवा राखच झटकायचा, आणि तुझी गोळी इकडेतिकडे लागली तर गवतात वाकून सगळ्यात पुढे तोच असणार, तू तिसरी की चौथी. त्याचा विमा कोण काढतं, टिप कोणाच्या हातून जाते, तू स्वतः देऊ शकतेस का, हे विचार. पण त्याआधी त्याचं नाव विचार. घरी कोण कोण आहे ते विचार. मला कळव.

नाव आलं की बाबांना मी सांगते, रविवारी तलावपाळीला फिरायला नेते तेव्हा, घरात नको.

आई

ता. क. फोन करशील तर दहानंतर कर, तोपर्यंत ते जागे असतात आणि स्पीकरवर लाव म्हणतात.