तुटलेल्या थराचा दुसरा तुकडा

नागपूर,
८ डिसेंबर

प्रिय दिनेश,
सप्रेम नमस्कार.

'प्रस्तरभंगाचे फोटो पाठव, पण आपल्याकडचे' असं तू लिहिलंस, वाचून फार बरं वाटलं. प्रस्तरभंग म्हणजे खडकाचा थर भेगेवर तुटून सरकणं. त्याची आकृती पोरं वहीत उतरवतात, परीक्षेत काढतात आणि गावाजवळच्या खदानीपुढून तशीच निघून जातात. याची मला कित्येक वर्षं खंत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शहरात शोधत बसू नकोस. सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टची. लाव्हाचे थर एकमेकांसारखे, एक झाकावा नि दुसरा काढावा असे. सरकले तरी कळणार कसं? मधे तांबड्या मातीचा पट्टा लागला, किंवा दोन लाव्हांच्या मधला जीवाश्मांचा गाळ लागला (इथल्या टाकळीला आहे तसा, जिथे मिशनरी आणि भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप हिंडले), तरच काही हाती येतं. म्हणून मी उत्तरेला, कामठीकडे वळलो. तिथला गोंडवनी (लाव्हाच्या कितीतरी आधी साचलेला) वालुकाश्म पिवळा, तांबूस, आणि मधे पांढऱ्या चिकणमातीचे पातळ पट्टे.

गेल्या महिन्यात तिकडच्याच एका बंद खदानीत सकाळच्या तिरप्या उन्हात उभा होतो. भिंतीवर भेगा ढीगभर, पण मी भेगांकडे बघतच नव्हतो. एक पांढरा पट्टा धरला आणि त्याच्याबरोबर चालत गेलो. दहा पावलांवर तो कापल्यासारखा संपला. पलीकडे नुसता वालुकाश्म. गुडघे टेकून खाली पाहिलं तर तोच पट्टा, तेवढाच जाड, वरच्या कडेला तीच तांबडी रेघ, एक वीत चार बोटं खाली! भेगेजवळ त्याचं टोक किंचित वर वळलेलं, खाली ओढलं जाताना रेंगाळल्यासारखं. भेगेच्या गुळगुळीत अंगावर बारीक समांतर ओरखडे होते. बोट खाली फिरवलं तर सरकत गेलं, वर फिरवलं तर अडकलं. दिनेश, त्या जागेवरून तासभर हललो नाही. अर्थात एकट्या ओरखड्यांवर भरवसा ठेवू नये. खरा साक्षीदार तो पट्टाच.

पोरांना एवढंच पक्कं सांग: भेग शोधू नका, थराचा दुसरा तुकडा शोधा. दोन्ही बाजूंचा थर एकच आहे हे ओळखता आलं, तरच प्रस्तरभंग. थर सरकलाच नसेल तर ती नुसती भेग, म्हणजे साधा सांधा. आणि वालुकाश्मात तिरप्या थरांना वरचा आडवा थर कापतो, ते तर निव्वळ पाण्याच्या प्रवाहाचं काम. त्याला प्रस्तरभंग म्हणण्याची चूक मी स्वतः दोन बॅचेसपुढे केली आहे. ती अजून सलते.

कोळसा खाणीतल्या माणसांना हे सगळं पुस्तकाशिवाय येतं. उमरेडच्या बाजूचा एक जुना खाणकामगार मला म्हणाला, "सीमच हरवली न जी, का फॉल्ट लागला समजाचं." सीम म्हणजे कोळशाचा थर, फॉल्ट म्हणजे प्रस्तरभंग. मग कोळसा वर शोधायचा की खाली? भेग आपल्यापुढे खाली उतरत गेली असेल तर खाली, आपल्या पायाकडे उतरत आली असेल तर वर. हे सामान्य प्रस्तरभंगाचं (तिरप्या भेगेवर टेकलेला भाग खाली घसरतो त्याचं) गणित, आणि गोंडवनी खोरी बहुतेक अशाच भंगांनी खचून तयार झालेली असल्यामुळे तिथे ते सहसा चुकत नाही. उलट्या भंगात तो भाग वर चढतो, म्हणून उत्तरही उलटं.

मोठं उदाहरण हवं असेल तर साळबर्डी. काटोल, वरुड, मोर्शी असा संत्र्यांच्या बागांतून रस्ता. मोर्शीकडून उत्तरेला पाहिलं की सपाट मैदान संपून सातपुडा एकदम उभा राहतो. पायथ्याशी गाविलगड प्रस्तरभंग आहे. उत्तरेकडचा भाग उचलला गेला, वरचा बेसॉल्ट झिजला, म्हणून त्याच्याखाली दडलेले लॅमेटाचे (लाव्हाच्या आधी साचलेल्या गाळाचे) थर आणि गोंडवनी वालुकाश्म तिथे उघडे पडले आहेत. गरम पाण्याचा झराही आहे. महाशिवरात्रीला लोक महादेवाच्या दर्शनाला जातात त्याच डोंगरात हे सगळं. इथे मात्र एका फोटोत काही मावत नाही. दिवसभर चालून नकाशावर थर रंगवत गेलास तर संध्याकाळी ती रेघ कागदावर आपोआप उमटते.

सोबत खदानीचे चार फोटो आहेत. तिसऱ्यात मोजपट्टी ठेवायची राहिली, तो वर्गात दाखवू नकोस. जानेवारीत ये, साळबर्डी दोघं मिळून करू. येताना थरांचा उतार मोजायचा तुझा क्लिनोमीटर आण. माझ्याचा काटा अडकतो आहे. वहिनींना नमस्कार, चिन्मयला आशीर्वाद.

तुझाच,
अविनाश