राजीनाम्यावर सही करू नकोस

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

प्रेस बंद होणार हे कळलं. लोअर परळचे छापखाने एकेक करून असेच गेले, तरी प्रत्येक वेळी जीव तुटतो. पण आधी कामाचं बोलतो. राजीनामा लिहून देऊ नकोस. ‘सगळे देतायत, चेक लगेच मिळेल’ असं ऑफिसातून सांगतील. राजीनामा दिलास की कागदोपत्री तू स्वतःहून गेलास, मग बंदीची नुकसानभरपाई कसली मागणार?

ही भरपाई म्हणजे नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून जास्त भरले असतील तर तेही पूर्ण धरतात. मालकाच्या हाताबाहेरच्या कारणाने बंदी आली तर मात्र भरपाई जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या पगाराइतकीच मिळते, म्हणून नोटिशीतलं कारण नीट वाच. नुसता तोटा, पडून राहिलेला माल किंवा जागेचा करार संपणं, ही कारणं कायदा हाताबाहेरची मानत नाही.

ग्रॅच्युइटी वेगळी. मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १८,००० रुपये आणि २२ वर्षं धरली तर २,२८,४६१ रुपये होतात. दोन्ही मिळून एकच गोल रक्कम हातावर ठेवतात आणि तिथेच माणूस फसतो. प्रत्येक रकमेचा वेगळा हिशोब लेखी माग.

पीएफच्या पोर्टलवर नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, कंपनीने नोकरी संपल्याची तारीख भरली का, हे आत्ताच बघ. ऑफिसला कुलूप लागलं की दुरुस्तीच्या अर्जावर सही करायला कोणी सापडत नाही. पगाराच्या पावत्या आणि नेमणूकपत्राच्या झेरॉक्सही आत्ताच काढ.

बायंडिंगच्या बायकांनाही सांग, कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. त्यांना हे कोणी सांगत नाही, याचाच मला जास्त राग येतो. पैसे अडले तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात सगळ्यांनी मिळून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

अनुभवाच्या दाखल्यावर मशीनचं नाव, शीटचा साइझ आणि किती कलर हे लिहून घे; नुसतं ‘ऑपरेटर’ नको. भिवंडी-वसईकडे खोकी छापणाऱ्यांकडे विचार. जाड बोर्डाला ब्लँकेटचं, म्हणजे मशीनमधल्या रबरी आवरणाचं, पॅकिंग आणि छपाईचा दाब बदलावा लागतो, पण शाई-पाण्याचा तोल तोच, आणि तो तुझ्या हातात आहे.

नोटीस हातात पडली की फोटो पाठव.

तुझा,
अरविंद