छकुलीच्या झोपेबद्दल

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

श्रुती माहेरून नागपूरला आली, तेव्हा आता संध्याकाळचं निजवणं तू तुझ्याकडे घे. आईच्या कुशीत दुधाचा वास येतो, त्यामुळे पोट भरलेलं असलं तरी लेकरू पुन्हा प्यायला बघतं. बापाच्या हातात ते लवकर निवतं.

खांद्यावर झोपलेली पोर खाली ठेवताच जागी का होते, असं विचारलंस. अडीच महिन्यांचं बाळ आधी सावध झोपेत जातं. पापण्या थरथरतात, ओठ हलतात, श्वास कमीजास्त होतो. झोप गाढ व्हायला वीसेक मिनिटं लागतात, त्याआधी ठेवलं की लगेच जाग येते, आणि साधारण पन्नास मिनिटांनी ती पुन्हा सैल पडते. झोप लागली तेव्हा खांदा होता, डोलणं होतं. सैल पडली तेव्हा दोन्ही नाहीत, म्हणून रडू येतं. यावर उपाय एकच: डोळे जड झालेत पण मिटले नाहीत, अशा वेळी तिला अंथरुणावर ठेवायचं.

ही वेळ साधणं सगळ्यात महत्त्वाचं. या वयात तासा-दीड तासाच्या वर जागं राहणं झेपत नाही. नजर चुकवायला लागली, हातपाय मंदावले, भुवया लालसर झाल्या की निघ. रडू फुटलं म्हणजे उशीर झाला. दमलेलं लेकरू जास्तच तटतं.

रात्री साडेसात-आठला दिवा मंद कर. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने अंग पुस, लंगोट बदल. मग श्रुती पाजेल. खांद्यावर घेऊन ढेकर काढ, दहा मिनिटं उभं धर. रोज तीच अंगाई, तोच क्रम. ठेवताना आधी पाय आणि कुल्ले टेकव, मग डोकं. डोकं आधी गेलं तर पडल्यासारखं वाटून ती दचकते. छातीवर तळवा मिनिटभर राहू दे, मग हळूच काढ. कुरकुरली तर लगेच उचलू नकोस, सावध झोपेत लेकरं कण्हतात. खरंच रडली तर थोपट, तरी नाही थांबली तर उचलून शांत कर आणि पुन्हा ठेव. दोन-तीनदा नाही जमलं तर त्या दिवशी खांद्यावरच निजू दे. दिवसातून एकदाच, रात्रीच्या पहिल्या झोपेला हा प्रयत्न पुरे. रडत सोडून द्यायचं हे वय नव्हे, आणि रात्रीचं पाजणंही तोडायचं नाही.

दिवसा पडदे उघडे ठेवा, घरातले आवाज चालू द्या. रात्री पाजताना बोलणं नको, मोठा दिवा नको. दिवस-रात्रीचं भान याच महिन्यांत येतं.

निजवायचं ते उताणंच, सपाट घट्ट गादीवर, तुमच्या खोलीत पण वेगळ्या अंथरुणावर. राईची उशी, लोड, गोधडी काही नको. साडीच्या झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. झुलव हवं तर, पण झोपली की बाहेर काढ. तिला छातीवर घेऊन सोफ्यावर तुझा डोळा लागणं फार धोक्याचं आहे. गुंडाळायचं तर पातळ मलमलचं कापड, कमरेखाली सैल. कुशीवर वळायची चिन्हं दिसली की ते बंद.

आता तुमच्याकडचं ऊन. कूलर खिडकीत ठेवा, हवा थेट तिच्यावर नको, समोरचं दार थोडं उघडं असू द्या, नाहीतर खोली दमट होऊन तीच चिडचिडेल. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, डेंग्यूचे डास त्यातच होतात. कॉइल नको, मच्छरदाणी लावा. अंगात एक सुती झबलं पुरे, टोपी नको. गरम होतंय का ते मानेमागे हात लावून बघ. हाताची बोटं गार असतातच. मे महिन्यातही वरचं पाणी द्यायचं नाही. दूध पुरतं. दिवसात सहा-सात लंगोट ओले होत असले की झालं.

बाळगुटी, जायफळ, ग्राइप वॉटर कोणी कितीही प्रेमाने सुचवलं तरी नाही म्हण. जायफळाने येते ती गुंगी. न्हाल्यावरची धुरीही नको, धूर फुप्फुसात जातो. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त निघाला, दूध प्यायचं सोडलं किंवा उठवूनही उठेना, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे ने.

चौथ्या महिन्याच्या सुमारास झोप पुन्हा मोडेल. क्रम बदलू नका.

आणि श्रुतीला छकुलीबरोबरच लवकर झोपू दे. भांडी, कपडे तू बघ.

तुझी आई