केंडलपर्यंत बोट जात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला लँकेस्टर कालव्यावरचा लेख वाचला. इंग्लंडच्या कालव्यांवर मराठीत कुणी लिहिलं याचा आनंद आहे. पण ‘प्रेस्टनला बोट भाड्याने घ्या आणि सात तासांत केंडलला उतरा’ हे वाक्य छापण्याआधी कुणीच का तपासलं नाही? केंडलला बोट जात नाही. १९६८ पासून ती वाटेतल्या ट्यूइटफील्ड गावाच्या पुढे जात नाही. सुट्टीचे पैसे भरून बसलेल्या माणसाला हे तिथे पोहोचल्यावर कळावं, ही साधी चूक नव्हे.

ट्यूइटफील्डला कालवा दिसतो, पाणी दिसतं, पण वाट संपते. समोर रस्त्याचा भराव आडवा आहे आणि वरचं पाणी मोरीतून खाली येतं. त्या मोरीतून बोट जाणं शक्य नाही. पलीकडे एकामागून एक आठ लॉक (पाणी भरून वा सोडून बोट वर-खाली नेणारे दारांचे हौद), मिळून सुमारे ७५ फुटांची चढण. त्यांची दगडी बांधणी शाबूत आहे, मात्र दारं काढून तिथे काँक्रीटचे बंधारे घातले आहेत आणि पाणी त्यांच्यावरून कोसळत उतरतं. लेखात ‘काळाच्या ओघात हा भाग निकामी झाला’ असं म्हटलं आहे. तसं झालेलं नाही. एम-६ महामार्ग उत्तरेकडच्या या भागात कालव्याला तीनदा छेदतो. तिथे बोट जाईल एवढ्या उंचीचे पूल बांधायचे नाहीत, मोऱ्या टाकायच्या, असं ठरवलं गेलं. तो खर्च वाचवण्याचा निर्णय होता आणि त्याची किंमत कालवा अजून मोजतो आहे. त्याला काळाचा ओघ म्हणणं अन्यायाचं आहे.

गळतीने गेला तो फक्त शेवटचा तुकडा, स्टेंटनच्या पुढचा. केंडलच्या बाजूला जमीन चुनखडीची, भेगाळलेली. तळाला चिकणमातीचा थर दिलेला असूनही पाणी टिकेना. तो भाग कोरडा पडला, आणि केंडलकडचं टोक तर बुजवूनच टाकलं. हिंकास्टरचा बोगदा (३७८ यार्ड, म्हणजे सुमारे ३४५ मीटर) याच बाजूला आहे. त्यातून बोट नेता येत नाही. टेकडीवरून जाणारी घोड्यांची जुनी वाट मात्र चालण्यासारखी आहे, आणि ती जरूर चालावी. स्टेंटनच्या खालच्या भागात पाणी राहिलं, कारण किलिंग्टन तलावाचं पाणी क्रुकलँड्सपाशी कालव्यात येतं आणि खालच्या सगळ्या कालव्याचा मुख्य पुरवठा तोच आहे.

आता ते सात तास. हा आकडा कुठून आला असेल ते सांगतो. १८३३ मध्ये ‘वॉटर विच’ नावाची हलकी प्रवासी बोट प्रेस्टन ते केंडल हे ५७ मैल सुमारे सात तासांत कापत असे. ती दौडत्या घोड्यांनी ओढलेली, आणि घोडे वाटेत ठरावीक टप्प्यांवर बदललेले. आजच्या बोटीला वेगमर्यादा ताशी ४ मैलांची. बांधून ठेवलेल्या बोटींजवळून त्याहून हळू जावं लागतं, त्यामुळे सरासरी ३ मैल पडते. प्रेस्टनच्या अ‍ॅश्टन बेसिनपासून ट्यूइटफील्डपर्यंत ४१ मैल आहेत. म्हणजे निव्वळ चालवण्याचे चौदा तास, आणि तितकेच परतीचे, कारण बोट जिथून घेतली तिथेच परत द्यायची असते. आठवड्याची सुट्टी असेल तरच यात पडावं. तुमच्या नकाशाखाली ‘एकूण ५७ किमी’ छापलं आहे. ते मैल आहेत. किलोमीटर सुमारे ९२.

‘लॉक चालवण्याची मजा’ या चौकटीबद्दलही लिहिणं भाग आहे. प्रेस्टन ते ट्यूइटफील्ड एकही लॉक नाही. जॉन रेनी यांनी हा कालवा समपातळीवर वळवत नेला आणि लून नदी पाच कमानींच्या जलसेतूवरून ओलांडली, हीच तर या कालव्याची थोरवी. लॉक हवे असतील तर गॅलगेटजवळ ग्लॅसनच्या फाट्याला वळावं. तिथे सहा आहेत. उतरताना बोटीचं मागचं टोक वरच्या दारामागच्या दगडी उंबऱ्यापासून पुढे ठेवावं. उंबऱ्याच्या जागी भिंतीवर खूण असते. मागचं टोक उंबऱ्यावर टेकलं आणि पाणी खाली गेलं की पुढचं टोक बुडतं, बोट उलटते. असं होताना दिसलं तर खालच्या दाराच्या, पाणी सोडणाऱ्या झडपा ताबडतोब बंद कराव्यात. एवढी एक गोष्ट चौकटीत हवी होती.

आणि पाणवनस्पती. उन्हाळ्यात त्या बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याला गुंडाळतात, बोट मंदावते आणि मागे काळं पाणी उसळतं. इंजिन बंद करावं, किल्ली काढून खिशात ठेवावी, मग पंख्यावरचं मागचं झाकण उघडून हातमोजे घालून सुरीने कापावं. झाकण परत घट्ट आवळल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. पंखा फिरला की त्या भोकातून पाणी आत येतं आणि बोट मागून बुडते. काठाला गाळ असतो, म्हणून मध्यभागातून चालवावं.

सगळ्यात गंभीर चूक रिबल लिंकची, म्हणजे हा कालवा दक्षिणेकडच्या कालव्यांना जोडणाऱ्या जलमार्गाची. ‘दक्षिणेकडच्या कालव्यांतून सहज येता येतं’ असं लिहिलं आहे. हा दुवा २००२ मध्ये झाला, त्याआधी हा कालवा बाकीच्या जाळ्याला जोडलेलाच नव्हता. टार्लटनहून भरतीच्या पाण्यावर डग्लस नदीतून निघायचं, दोन नद्यांच्या संगमावरच्या अ‍ॅसलंडच्या दिव्याला पूर्ण वळसा घालून रिबल नदीत शिरायचं. वळसा वाचवायला गेलात तर बोट रुतते आणि पाणी तर ओसरायला लागलेलं असतं. मग उत्तर काठाच्या सॅविक ब्रूक या ओढ्यात वळून नऊ लॉक चढायचे. आगाऊ नोंदणी लागते, जाण्या-येण्याचे दिवस वेगळे असतात, हंगाम ठरलेला असतो. नांगर, साखळी आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट हवंच, कारण प्रवाहात इंजिन बंद पडलं तर नांगराशिवाय दुसरा आधार नसतो. भाड्याच्या बोटी भरतीच्या नदीत नेण्याची मुभा सहसा नसते. लेख वाचून निघालेल्या कुटुंबाने भाड्याची बोट रिबलमध्ये घातली तर काय होईल, या विचाराने मला हे पत्र लिहावंसं वाटलं.

केंडल बघायचंच असेल तर बोट ट्यूइटफील्डला बांधून काठच्या वाटेने चालत जावं. अंतर सुमारे १४ मैल, महामार्गापाशी रस्त्याने वळसा घ्यावा लागतो. उन्हाळ्यात लँकेस्टर कॅनॉल ट्रस्टची छोटी बोट क्रुकलँड्सहून फेरी मारते, तीतून वरचा भाग पाहता येतो.

दुरुस्ती येत्या रविवारीच, त्याच पानावर छापावी. नकाशावरची निळी रेघ ट्यूइटफील्डपाशी थांबवावी, पुढे तुटक रेघ काढावी, आणि रिबलच्या तुकड्यावर ‘भरतीची नदी, नोंदणीशिवाय जाऊ नये’ असं ठळक अक्षरात लिहावं.

आपला,
एक वाचक, लँकेस्टर (इंग्लंड)