कुणाच्या घराण्यातून?

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर, रक्तात चरबी साठून राहण्याच्या माझ्या आजाराबद्दल बाबांनी विचारलं, "हे कुणाच्या घराण्यातून आलं?" आणि आई, तू एकदम गप्प झालीस. तुझं ते गप्प होणं डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. जनुकीय तपासणीचा रिपोर्ट आलाय. उत्तर असं: दोन्हीकडून.

लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एक विकर असतं, म्हणजे एन्झाइम. त्याचा जनुक आठव्या गुणसूत्रावर. ते केशवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतं. खाल्लेली चरबी आतड्यातून बारीक गोळ्यांत भरून रक्तात येते. हे विकर त्यातली ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबीच, फोडून स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना देतं. माझं विकर कामच करत नाही. गोळ्या तशाच रक्तात फिरत राहतात.

रक्त घेणारे दरवेळी संशयाने विचारायचे, "उपाशीपोटीच आलात ना?" या वेळी मी नळी मागून घेतली. खाली लाल, वर चक्क दुधासारखं पांढरं. बारा तास पोटात काही नव्हतं! ट्रायग्लिसराइड १५०च्या आत हवी, माझी हजाराच्या वर. लहानपणीची पोटदुखी, बाबा, तुम्ही जिला शाळा बुडवायचं सोंग म्हणायचात, ती बहुधा स्वादुपिंडाची सूज होती. राग नाही. बरं, थोडा आहे.

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. तुम्हा दोघांची एकेक बिघडलेली, दुसरी धडधाकट, म्हणून तुम्हाला कधी कळलंच नाही. माझ्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. शक्यता चारात एक. दादा सुटला. आई, गरोदरपणी तू काय केलंस, काय नाही, याचा यात काडीचाही संबंध नाही.

युरोपात २०१२ मध्ये यावर जनुकोपचार मंजूर झाला होता, चांगली प्रत विषाणूत घालून पायाच्या स्नायूंत टोचायची. पण रुग्णच इतके थोडे की २०१७ मध्ये तो बाजारातून गेला. मला सध्या पथ्य: दिवसाला जेमतेम १५-२० ग्रॅम चरबी.

एकच प्रत बिघडलेली असली तरी मधुमेहात ट्रायग्लिसराइड वाढू शकतात. बाबा, तुमची साखर आहेच. दोघंही तपासून या. उपाशीपोटी, फक्त पाणी. आणि नळी कशी दिसली ते कळवा.

तुमची,
धाकटी