चादर गेल्याची हळहळ कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

झांस्कर नदीच्या घळीतून रस्ता झाला, आता गोठलेल्या नदीवरून चालत जायचा ‘चादर ट्रेक’ संपल्यातच जमा, अशी हळहळ आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींत हिवाळा आला की ऐकू येते. मी स्वतः चादरीवरून नेरक गावापर्यंत जाऊन आलो आहे आणि त्या नदीचे वेड मलाही आहे. तरीही ही हळहळ मला पटत नाही.

लडाखमधल्या झांस्कर खोऱ्यात सुमारे १४ हजार लोक राहतात. कारगिलहून खोऱ्यातल्या मुख्य गावाला, पदुमला, जाणारा रस्ता ४,४०० मीटर उंचीवरच्या पेन्सी ला खिंडीतून जातो आणि बर्फ पडला की कित्येक महिने बंद होतो. मग उरते ती नदी. जानेवारी-फेब्रुवारीत पारा उणे २५-३० पर्यंत उतरला की तिच्यावर बर्फाचा थर धरतो, तीच चादर. पिढ्यान्‌पिढ्या झांस्करी माणसांनी याच वाटेने पाठीवर लोणी लादून लेहच्या बाजारात नेले, मुलांना लेहच्या शाळांत पोचवले. पदुमपासून लेहच्या बाजूच्या चिलिंग गावापर्यंत शंभरेक किलोमीटर चाल आणि रात्री कड्यातल्या गुहेत मुक्काम. आपण ट्रेकर मंडळी तर नेरकहूनच माघारी फिरतो.

आमच्यासोबतचे झांस्करी पोर्टर काठी बर्फावर आपटत पुढे चालायचे. आवाज भरीव आला की पाऊल टाकायचे, पोकळ आला की हात वर करून सगळ्यांना थांबवायचे. एका वळणावर चादर तुटून काळे पाणी उघडे पडले होते. साध्या गमबुटांत, ओझ्यासकट ते कड्याला धरून वर चढले आणि मग आम्हाला एकेकाला हात देऊन ओढून घेतले. आम्हाला लेहमध्ये दोन-तीन दिवस थांबवून, वैद्यकीय तपासणी करून मगच सोडले होते. घरातले माणूस अत्यवस्थ झाले म्हणून निघालेल्यांना एवढी उसंत कुठली? हवामानाने साथ दिली तर हेलिकॉप्टर, नाहीतर वाट पाहणे.

नदी नेहमी वाट देतेच असेही नाही. ३१ डिसेंबर २०१४ रोजी झांस्करमधल्या फुकताल मठाजवळ दरड कोसळून त्सराप नदी अडली. हीच नदी पदुमजवळ दोडा नदीला मिळते आणि पुढे झांस्कर म्हणून वाहते. दरडीमागे मोठा तलाव साचला, धोका ओळखून त्या हिवाळ्यात चादर ट्रेक बंद ठेवावा लागला. ७ मे २०१५ रोजी बांध फुटला आणि खालचे पूल वाहून गेले. आधी सावध केल्यामुळे माणसे वाचली, पण पूल गेल्यावर पलीकडच्या गावांचे काय हाल झाले असतील याची कल्पना आपल्या कोकणातल्या वाचकांना नक्की येईल.

म्हणूनच मार्च २०२४ मध्ये सीमा रस्ते संघटनेने लेहजवळच्या निम्मूहून पदुममार्गे हिमाचलातल्या दारचाला जाणारा २९८ किलोमीटरचा रस्ता जोडला, याचा मला मनापासून आनंद झाला. याच रस्त्यावरच्या शिंकू ला खिंडीखालच्या ४.१ किलोमीटरच्या बोगद्याचे कामही जुलै २०२४ मध्ये सुरू झाले. दरडी आणि हिमस्खलन यांमुळे हा रस्ताही मधूनमधून बंद पडणारच. पण आजारी माणसाला गाडीत घालून लेहला नेता येण्याची शक्यता तरी निर्माण झाली. आपल्याला फोटो मिळावेत म्हणून त्यांनी बर्फावरून चालत राहावे, अशी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

एक गोष्ट मात्र खरी. ऐन थंडीत, शेतीचे काहीच काम नसताना, चादरीवरच्या मजुरीने तिथल्या घरांत चार पैसे येत. ट्रेकर यायचे थांबले तर ते पैसेही जातील. पुण्या-मुंबईहून हिवाळी मोहिमा काढणाऱ्या संस्थांना त्यासाठी माझी विनंती आहे. रस्ता खुला असेल तेव्हा थेट पदुम गाठा. कर्षा, झंगला, स्टोंगडे या गावांत लोकांच्या घरी राहा, त्यांचे जेवण जेवा आणि त्याचे पैसे त्यांच्याच हातात द्या. गावातून वाटाड्या घ्या, त्याला पूर्ण दिवसाची मजुरी द्या आणि तो म्हणेल तिथून परत फिरा.

आपला,
एक ट्रेकर वाचक, पुणे