गाडीशिवायचे पणजी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतला गोव्यावरचा लेख वाचला. ‘हाताशी गाडी नसेल तर गोवा बघता येत नाही’ असे त्यात ठासून म्हटले आहे. कळंगुटपासून पाळोळेपर्यंत सगळे किनारे पालथे घालायचे असतील तर ते खरेच. पण या हिशेबात पणजी कुठेच नाही. विमानतळावरून किनाऱ्याकडे पळताना गाडीच्या काचेतून दिसणारे गाव, एवढीच तिची ओळख उरली आहे. प्रत्यक्षात पणजी पायी हिंडण्याचेच शहर आहे, आणि पगाराच्या पैशात तिथे दोन-तीन दिवस आरामात निघतात.

मुंबईकडून रेल्वेने जाणारे सरसकट मडगावला उतरतात. गाडी थांबत असेल तर करमळीला उतरावे. ओल्ड गोवे तिथून जवळच, आणि ओल्ड गोव्याहून पणजीला बस सतत असतात. ही बस रायबंदरच्या जुन्या बांधावरून जाते. तीनेक किलोमीटरचा हा बांध पोर्तुगिजांनी 1633-34 साली घातला आणि आजही त्यावरून वाहतूक चालते. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरे. खिडकीची जागा धरावी, एवढेच.

कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी एसटीच्या, स्टँडवरून खाडीवरचा पूल ओलांडला की आपण मळा-फोन्तेन्हासच्या गल्ल्यांत शिरतो. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगाची घरे, लाकडी सज्जे आणि कौलांवर मातीचे कोंबडे. हल्ली इथे लग्नाआधीच्या फोटोंचा सुळसुळाट आहे. ही राहती घरे आहेत. कुणाच्या पायरीवर बसून, कुणाच्या दाराला टेकून फोटो काढताना निदान विचारावे तरी! रहिवाशांनी दारांवर पाट्या लावल्या आहेत, त्या उगाच नाहीत.

तिथून चर्च चौकापर्यंत सगळे अंतर चालण्याचेच. पांढरेशुभ्र, नागमोडी जिन्यांचे इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च 1619 सालचे आहे आणि त्यातली मोठी घंटा ओल्ड गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठातून आणलेली. त्या मठाचा अर्धा ढासळलेला मनोरा बसने येताना वाटेत बघून घेतला असेल तर दोन्हींची सांगड बसते. पुढे महालक्ष्मीचे देऊळ. नदीकडे उतरलात तर आदिलशहाचा वाडा, म्हणजेच जुने सचिवालय, आणि शेजारी एका स्त्रीवर संमोहनाचा प्रयोग करणारा आबे फारिया या गोव्यात जन्मलेल्या पाद्री-संमोहनतज्ज्ञाचा पुतळा. याला पैसा लागत नाही.

खाण्याचेही तसेच. सकाळी भाजी-पाव: पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्ही एकत्र, सोबत पाव किंवा उंडो, म्हणजे कडक सालीचा गोल पाव. संध्याकाळी गाड्यावर रस-ऑम्लेट. ऑम्लेटवर शागुतीचा, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याच्या कोंबडीचा, गरम रस्सा ओततात, वर बारीक कांदा, लिंबाची फोड. मासळीची थाळी मात्र बाजाराच्या आसपासच्या खानावळीत खावी. नदीकाठी तेच बांगडे चढ्या भावाने मिळतात. दुपारी एक ते चार बरीच दुकाने बंद असतात, तेव्हा उन्हात वणवण करण्यापेक्षा पाटो भागातल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसावे. 1832 साली सुरू झालेल्या या ग्रंथालयात मराठी पुस्तकेही भरपूर आहेत.

मांडवीतल्या क्रूझचे तिकीट काढून डीजेवर नाचण्याची हौस ज्याची त्याने भागवावी. मी बेतीच्या फेरीबोटीत चढतो. पायी जाणाऱ्याला ती फुकट आहे. मोटारसायकली, कामावर निघालेली माणसे, मासळीच्या पाट्या यांच्यात कठड्याला उभे राहिले की नदी तीच आणि वारा तोच. पलीकडे उतरून वेरेमच्या रस्त्याने चालत रेइश मागुशचा किल्ला गाठता येतो. तटावरून समोर मांडवीचे मुख आणि अख्खी पणजी दिसते. परत आल्यावर जोर असेल तर कांपालच्या झाडांखालून मिरामारपर्यंत. तिथेच भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे आणि बेताच्या खर्चात राहायचे तर युवा वसतिगृहही. कार्निव्हल, इफ्फी हा चित्रपट महोत्सव आणि नाताळ टाळावेत. त्या दिवसांत साध्या लॉजचे भावही ऐकवत नाहीत.

सगळे गोड आहे असे नाही. पदपथ आहेत, पण त्यांवर दुचाक्या उभ्या. रस्ते पुन्हा पुन्हा खणले जातात आणि फरशा वरखाली होतात. गेल्या खेपेस माझ्या सासूबाईंना बाजारापासून जेटीपर्यंत बराचसा रस्ता डांबरावरूनच चालावा लागला, तोही अंगावर येणाऱ्या गाड्या चुकवत. संध्याकाळी कॅसिनोच्या गिऱ्हाइकांच्या मोटारी नदीकाठ अडवतात ते वेगळेच. मोटारींसाठी पूल बांधायला पैसा मिळतो, मग पायी हिंडणाऱ्याला सलग पदपथ, सावली आणि एक स्वच्छ स्वच्छतागृह का मिळू नये? चालणारा पर्यटक गावातच जेवतो, गावातल्या दुकानात खरेदी करतो आणि पार्किंगची जागाही मागत नाही.

आपल्या पुरवणीत हॉटेलांच्या जाहिराती पानभर असतात, त्याला हरकत नाही. त्यातलीच एक चौकट कदंबच्या मडगाव, म्हापसा, वास्को शटलच्या, म्हणजे विनाथांबा बसच्या, वेळा आणि फेरीबोटीच्या फेऱ्यांसाठी द्यावी, ही विनंती. शेवटची शटल किती वाजता सुटते हे आज स्टँडवरच्या खिडकीशी रांगेत उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर